नूतनीकरणाची तारीख

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, जन्मतारीख १ जून १९३१ होती. अर्थात कागदोपत्री. आजीच्या सांगण्याप्रमाणे ते गणपतीच्या दिवसांत जन्मले. परंतु शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून लिहून टाकले, आणि पुढे स्वतः मुख्याध्यापक होऊन निवृत्त होईपर्यंत अण्णांनी ती तारीख निष्ठेने वागवली. या तारखेशी माझा प्रशासकीय संबंध आला तो जून २००० मध्ये, कोलकात्यात.

मी केंद्रीय सेवेत हिशेबाच्या खात्यात होतो आणि माझी बदली तेथे झाली होती. आई आदल्या वर्षी गेली, म्हणून अण्णांना गावाहून आमच्याकडे आणले. केंद्र सरकारची कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना, म्हणजे सी.जी.एच.एस., १९५४ पासून चालू आहे, आणि तिच्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही समावेश होतो. पण ‘अवलंबून’ या शब्दाला उत्पन्नाची मर्यादा जोडलेली आहे, आणि त्या वेळची मर्यादा इतकी तुटपुंजी होती की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचे निवृत्तिवेतनही तिच्या वर जाई. थोडक्यात, अण्णा माझ्या घरी राहत होते, माझ्या ताटात जेवत होते, परंतु नियमाच्या दृष्टीने स्वावलंबी होते. त्यांना या गोष्टीचा थोडा अभिमानही वाटला. मला मात्र विम्याच्या कचेरीचा रस्ता धरावा लागला.

त्या काळी तो रस्ता सरळ होता, कारण दुकानेच मोजकी होती. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अंमलात आले. तेव्हाच्या १०७ विमा कंपन्या एकत्र करून त्यांच्या चार सरकारी कंपन्या केल्या गेल्या: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. या चौघींनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. सामान्य माणसाला स्वतःच्या हप्त्याने रुग्णालयाच्या खर्चाचा विमा घेता येईल अशी देशभर मिळणारी ही पहिली मोठी सोय. तोवर आजारपणासाठी कामगाराला १९५२ मध्ये सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना होती, सरकारी नोकराला सी.जी.एच.एस. किंवा खर्चाची प्रतिपूर्ती होती, आणि उरलेल्या भारतीयांना बायकोचे दागिने होते.

मेडिक्लेम जरूर घ्यावा असाच होता. पण म्हातारपणाच्या बाजूने त्याचे विमापत्र वाचले की वेगळेच चित्र दिसे. पॉलिसी घेण्यापूर्वी असलेला कोणताही आजार कायमचा वगळलेला. तीन-चार वर्षांनी तो आजार आत घेण्याची तरतूद नव्हती. पहिल्या वर्षी वगळलेल्या आजारांची यादी निराळी: मोतीबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध. ही यादी अण्णांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “अरे, ही तर आमच्या पेन्शनर मंडळाची हजेरीपट वाटते.”

या कठोरपणामागे तर्क होता, तो मान्य केला पाहिजे. विमा म्हणजे पुष्कळांच्या थोड्या पैशांतून थोड्यांचा मोठा खर्च भागवणे. घरातून धूर निघू लागल्यावरच जो तो आगीचा विमा मागू लागला, तर तो व्यवसाय एका वर्षात बुडेल. म्हणून विमा कंपनी तरुण निरोगी माणसाची वाट पाहते, आणि वृद्ध माणूस दारात आला की तिला धुराचा वास येतो. पण या तर्काची दुसरी बाजू अशी की माणूस तरुणपणी आत आला आणि वीस वर्षे हप्ते भरत राहिला, तर म्हातारपणी त्याला बाहेर काढण्याचा नैतिक अधिकार कंपनीला उरत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याबद्दल जी चर्चा होते ती बहुधा प्रवेशाच्या वयाबद्दल होते. साठी उलटल्यावर पॉलिसी मिळेल का, पासष्टीनंतर मिळेल का, एवढेच विचारले जाते. माझ्या मते खरा प्रश्न प्रवेशाचा नव्हताच, आत राहण्याचा होता. गेल्या चाळीस वर्षांत वृद्ध विमाधारकाला जे काही हक्क म्हणून मिळाले, ते बहुतांशी ‘नूतनीकरण’ या एका रुक्ष शब्दाच्या आधारे मिळाले.

तरुणपणी भरा आणि म्हातारपणी घ्या, हे तत्त्व सरकारी कंपन्यांना सुचले नव्हते असे नाही. नव्वदच्या दशकात त्यांची ‘भविष्य आरोग्य’ नावाची पॉलिसी होती. निवृत्तीचे वय आधी ठरवायचे, कमावत्या वर्षांत हप्ते भरायचे आणि रुग्णालयाच्या खर्चाचा लाभ निवृत्तीनंतर सुरू व्हायचा. कल्पना उत्तम होती, पण पॉलिसी विशेष चालली नाही. पस्तिशीतल्या माणसाला स्वतःचे म्हातारपण विकणे हे जगातले सर्वांत अवघड काम असावे. मी स्वतः त्या वेळी पस्तिशीत होतो, विम्याची कागदपत्रे वाचू शकत होतो, आणि तरीही ती घेतली नाही.

असो. एका सरकारी कंपनीच्या शाखेत आम्ही अर्ज भरायला बसलो. बरोबरचे एजंट अत्यंत सभ्य बंगाली गृहस्थ होते. अर्जात पूर्वीच्या आजारांचा रकाना आला तेव्हा त्यांनी पेन हलकेच बाजूला ठेवले आणि मला इंग्रजीतून सुचवले, की तो रकाना कोरा सोडलेला बरा. अण्णांना १९८७ पासून मधुमेह होता. त्यांनी विचारले, “काय म्हणतात हे?” मी सांगितले. अण्णा म्हणाले, “तीस वर्षे लोक माझ्याकडे पोरांच्या जन्मतारखा फिरवून मागायला येत होते. तेव्हा फिरवल्या नाहीत. आता माझीच प्रकृती फिरवू काय?” आणि त्यांनी आपल्या ठळक अक्षरात लिहिले: मधुमेह, १९८७ पासून, औषध चालू. एक लाखाची पॉलिसी आली, तिच्यावर शेरा टंकलेला होता: मधुमेह व तज्जन्य विकार वगळून.

डिसेंबर २००२ मध्ये अण्णांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तिसरे वर्ष चालू होते, दावा मंजूर झाला, पैसे मिळाले. आणि जून २००३ मध्ये नूतनीकरणाची सूचनाच आली नाही. चौकशीला गेलो तर शाखाधिकारी म्हणाले, वय ७२, दावा झालेला, वर मधुमेह. विभागीय कार्यालयाची इच्छा दिसत नाही. ‘इच्छा’ हा शब्द त्यांनी वापरला. सरकारी नोकरीत चोवीस वर्षे काढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कळतो. कोणत्याही नियमात न लिहिलेला, कोणाच्याही सहीने न निघालेला, आणि म्हणून ज्याविरुद्ध अपील करता येत नाही असा तो आदेश असतो.

सुदैवाने याच कोलकात्यातून गेलेल्या एका खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००१ मध्ये दिला होता: बिमान कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया. बोस यांचा मेडिक्लेमचा दावा कंपनीने नाकारला होता, ते ग्राहक न्यायमंचाकडे गेले, आणि पुढे त्यांच्या या पूर्वेतिहासाकडे बोट दाखवून कंपनीने पॉलिसीचे नूतनीकरण नाकारले. न्यायालयाने सांगितले की सरकारी कंपनी ही राज्यसंस्थेचे अंग आहे, करार करतानाही तिला मनमानी करता येणार नाही; दाद मागितली हे नूतनीकरण नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही; आणि नूतनीकरण म्हणजे मूळ पॉलिसीचीच पुनरावृत्ती, म्हणून ते देय तारखेपासूनच झाले पाहिजे. हा शेवटचा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण सगळा जीव त्यातच आहे. नूतनीकरणात एक दिवसाचा खंड पडला तर पॉलिसी नवी ठरते, आणि जुन्या पॉलिसीत झालेले सगळे आजार नव्या पॉलिसीचे ‘पूर्वीचे आजार’ होतात. वृद्धाच्या बाबतीत याचा अर्थ पॉलिसीचे केवळ वेष्टण उरणे.

मी निकालाची प्रत जोडून पत्र दिले. अडीच महिन्यांनी पॉलिसी आली, देय तारखेपासून. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. निकाल कोठे मिळतो आणि पत्राची प्रत कोणाला पाठवायची हे मला ठाऊक होते. त्याच शाखेच्या बाकावर बसलेल्या इतर म्हाताऱ्यांना ते ठाऊक नव्हते.

दरम्यान विम्याचे क्षेत्र बदलले होते. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी देण्याची शिफारस केली, १९९९ मध्ये नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खाजगी कंपन्या येऊ लागल्या. केवळ आरोग्यविमा विकणारी पहिली कंपनी, स्टार हेल्थ, २००६ मध्ये आली. तिने साठीपुढच्यांसाठी निराळी पॉलिसी काढली. सरकारी नॅशनलनेही ‘वरिष्ठ मेडिक्लेम’ काढला. वृद्धांचा स्वतंत्र बाजार असू शकतो, ही कल्पना तेव्हा प्रथमच रुजली.

पण त्याच सुमारास एक धक्का बसला. त्याचे कारण फार थोड्या विमाधारकांना कळले, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. आग, अभियांत्रिकी वगैरे विम्यांचे दर पूर्वी सरकारी समिती ठरवून देई आणि त्या दरांत चांगला नफा असे. आरोग्यविमा बहुधा तोट्यात चाले, पण कारखान्यांच्या आगीच्या विम्यातला नफा तो तोटा झाकून टाकी. म्हणजे एखाद्या कापड गिरणीचा हप्ता नकळत पेन्शनरांच्या मोतीबिंदूला हातभार लावत होता. १ जानेवारी २००७ पासून ठराविक दर उठवले गेले. कारखान्यांना स्पर्धेमुळे हप्ते कमी पडू लागले, नफा आटला, आणि आरोग्यविम्याला स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा हुकूम झाला. हुकमाचा भार पडला तो सर्वांत म्हाताऱ्या पायांवर. अण्णांचा हप्ता त्या वर्षी जवळजवळ दुप्पट झाला. देशभरातून तक्रारी गेल्या आणि प्राधिकरणाने त्याच वर्षी ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा विचार करण्यासाठी के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

येथून पुढचा इतिहास परिपत्रकांचा आहे. परिपत्रकांना हसण्याची पद्धत आहे, मीही हसलो आहे. पण या विषयात त्यांनी संसदेपेक्षा अधिक काम केले. २००८ मध्ये कंपन्यांनी ‘पूर्वीचा आजार’ याची सामाईक व्याख्या स्वीकारली आणि कायमच्या वगळण्याऐवजी ४८ महिन्यांची प्रतीक्षा आली. २००९ मध्ये प्राधिकरणाने बजावले की केवळ दावे झाले म्हणून नूतनीकरण नाकारता येणार नाही, आणि ज्येष्ठाचा प्रस्ताव नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागेल. ‘इच्छा’ येथे संपली. १ ऑक्टोबर २०११ पासून, जुनी वर्षे जमेस धरून, दुसऱ्या कंपनीकडे जाता येऊ लागले. २०१३ च्या विनियमांनी किमान ६५ वर्षांपर्यंत प्रवेश आणि आजन्म नूतनीकरण सक्तीचे केले.

अण्णांना यातले पुरते काही लाभले नाही. २००८ च्या हिवाळ्यात, मी भोपाळला असताना, त्यांच्या पायाला जखम होऊन ती चिघळली. तीन आठवडे रुग्णालयात काढले. दावा नाकारला गेला, कारण उघड होते: मधुमेहजन्य विकार, पॉलिसीवर टंकलेला शेरा. आठ वर्षे हप्ते भरले होते, पण शेरा जुन्या अटींचा होता आणि तो हलला नाही. मी हिशेबाचा माणूस. कोऱ्या रकान्याची किंमत किती झाली असती आणि भरलेल्याची किती झाली, हे गणित मी मनात मांडून पाहिले. अण्णांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचले असावे. ते म्हणाले, “खोटे लिहिले असते तर त्यांनी हर्नियाचेही दिले नसते.” ते खरेही होते. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीवर पहिला मोठा दावा आला की कंपनी जुने कागद काढते आणि पॉलिसीच रद्द करते, हे मी पुढे ओळखीच्या दोन घरांत पाहिले. अण्णा २०१२ मध्ये गेले. शेवटच्या जूनमध्येही हप्ता भरलेला होता.

आता परिस्थिती पुष्कळ निराळी आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमांनी प्रवेशाची वयोमर्यादाच काढली, पूर्वीच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही असे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने सांगितले की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवायचा तर आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागेल. व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळते, सी.जी.एच.एस.सारख्या सरकारी योजनेत असणाऱ्याला मात्र दोहोंतून एक निवडावे लागते.

तरीही वयोमर्यादा काढणे म्हणजे दार उघडणे नव्हे. कंपनी आजही प्रस्ताव नाकारू शकते, किंवा असा हप्ता सांगू शकते की माणूस आपणच उठून जाईल. म्हणून परप्रांतात राहणारी मराठी मुले मला आईवडिलांच्या पॉलिसीविषयी विचारतात, तेव्हा मी कंपनीचे नाव सांगत नाही. आईवडील जेथे राहतात तेथून तासाभरात पोहोचता येईल अशी दोन रुग्णालये त्या कंपनीच्या यादीत आहेत का, ते आधी पाहा म्हणतो. मुलगा बेंगळुरूला असतो, पॉलिसी तो तिथल्या सोयीने निवडतो, आणि आई साताऱ्याला पडते. काही पॉलिसींत शहरांचे गट असतात. लहान शहराच्या दराने हप्ता भरून मुंबईत उपचार घेतले तर खर्चाचा काही भाग आपल्यावर येतो. ज्येष्ठांच्या पॉलिसीत ‘को-पेमेंट’ बहुधा असतेच, म्हणजे दर बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा. तो २० टक्के की ३० टक्के, यावर हप्त्यातला स्वस्तपणा अवलंबून असतो.

खोलीभाड्याच्या मर्यादेकडे तर कोणी पाहतच नाही. तीन लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे ३००० रुपये, मर्यादा असेल आणि आपण ६००० ची खोली घेतली, तर केवळ भाडेच निम्मे मिळत नाही. जेथे खोलीनुसार दर बदलतात तेथे डॉक्टर, शस्त्रक्रिया, शुश्रूषा यांचे आकारही त्याच प्रमाणात निम्मे कापले जातात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची साधने या कपातीतून २०२० मध्ये वगळली गेली, पण उरलेली कपात घाम फोडायला पुरेशी असते. हे सगळे पॉलिसीबरोबरच्या ग्राहक माहिती पत्रकात थोडक्यात दिलेले असते. विमाधारकाने मागितले तर ते पत्रक त्याच्या भाषेत मिळण्याची तरतूद आहे. मराठीत मागा, आईवडिलांना स्वतः वाचू द्या. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्या वेळात कोणताही निवृत्त शिक्षक तिच्यातल्या सगळ्या चुका काढू शकेल.

आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तीत भरल्यास पूर्वीची वर्षे वाया जात नाहीत. पण त्या मधल्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा खर्च मिळत नाही.

मी २०१८ मध्ये निवृत्त झालो आणि मध्य प्रदेशातल्या एका लहान शहरात राहिलो. येथे सी.जी.एच.एस.चा दवाखाना नाही. अशा ठिकाणच्या निवृत्तांना औषधोपचारासाठी ठरलेला भत्ता मिळतो. १९९७ मध्ये तो महिना १०० रुपये होता, जुलै २०१७ पासून १००० झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलाने आग्रह धरला म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी खाजगी कंपनीची पॉलिसी घेतली. अर्ज संगणकावर भरायचा होता. पूर्वीच्या आजारांचा प्रश्न आला तेव्हा मुलगा कळफलकावर हात ठेवून थांबला. “बाबा, हे लिहायचं का? हप्ता वाढेल.” मी सांगितले तसे त्याने लिहिले: उच्च रक्तदाब, २००९ पासून, औषध चालू. हप्ता वाढला. रक्तदाबाशी संबंधित विकार ऑगस्ट २०२७ पासून पॉलिसीत येतील. तोवर दर वर्षीच्या तारखेचा गजर मुलाने फोनमध्ये लावून ठेवला आहे, आणि मी कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने खूण करतो.